विहीणबाईंच्या नावावर

कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात बायकांच्या ट्रायल रूमवर मावशीचं राज्य होतं. आत जाणारीचे कपडे मोजायचे, हातात प्लॅस्टिकचा बिल्ला द्यायचा, बाहेर आली की दोन्ही परत घ्यायचं, एवढंच तिचं काम, म्हणायला. खरं तर दिवसभर पडद्यांच्या फटीतून हाका चालू असायच्या. "मावशी, चेन अडकली!" "मावशी, हे काखेत काचतंय हो!" "मावशी, खरं सांगा, जाड दिसते का मी?" मावशी आत शिरायची, चेन सोडवायची, काखेत बोट घालून बघायची आणि खरं सांगायची. अर्ध्या शहरातल्या बायका तिनं अर्ध्या कपड्यांत बघितल्या होत्या. एखादी पोर अंग चोरून कोपऱ्यात उभी राहिली की मावशी म्हणायची, "अगं बाई, माझ्यापुढे कसली लाज? मला काय हे नवीन आहे?"

आणि ही मावशी, आता काय बोलावं, स्वतःच्या छातीतली गाठ दोन महिने लपवून बसली होती.

अंघोळ करताना साबणाचा हात एकदम अडला होता. डावीकडे, खाली, काखेच्या बाजूला. असेल काहीतरी, जाईल आपोआप, असं म्हणून तिनं भराभरा पाणी ओतून घेतलं. दुसऱ्या दिवशी होतीच. मग रोज ती चाचपून बघायची आणि चटका बसल्यासारखा हात काढून घ्यायची. दुखत नव्हती, तेवढाच दिलासा. एकदा टीव्हीवर कुणीतरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका. मावशीनं चॅनेल बदललं, पण तो दिलासा काही परत आला नाही.

तुम्ही म्हणाल, मग बाई डॉक्टरकडे का गेली नाही? तीच तर सगळी गंमत आहे. डॉक्टर घरातलाच होता.

लेकीला डॉक्टर नवरा मिळाला तेव्हा सगळं दुकान म्हणालं, मावशीचं नशीब उघडलं. आणि जावई खरोखरच लाखात एक. मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून हा माणूस तिची पोटच्या पोरासारखी काळजी घ्यायचा. तिचं बीपी, तिचा गुडघा, तिचा खोकला, सगळं त्याच्याकडे. पैशाचा विषय काढू द्यायचा नाही. दुकानातल्या मुलींचं ऐकून तोही तिला मावशीच म्हणायचा. पण ही गाठ त्याला दाखवायची? ज्याला आपण जेवायला वाढतो, ज्याच्यापुढे कधी मोठ्यानं जांभई दिली नाही, त्याच्यापुढे गळ्याचं बटण काढायचं? नुसत्या विचारानं तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

बरं, दुसऱ्या कुणाकडे जावं, तर शहरातला एकूण एक डॉक्टर त्याचा दोस्त. मागे एकदा ती परस्पर दाढ काढून आली होती, तर संध्याकाळच्या आत जावयाचा फोन. "मावशी, दाढ काढलीत? आणि मला सांगितलं नाहीत?" बिचाऱ्यानं मायेनंच विचारलं होतं. पण मावशीनं तेव्हाच ओळखलं, आपलं दुखणं आता आपलं राहिलेलं नाही. सगळ्या दारांशी तोच एक प्रेमळ माणूस उभा होता, आणि त्याला ओलांडून जायची काही सोय नव्हती.

अशात दुकानामागच्या पार्किंगमध्ये एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. मोठ्या हॉस्पिटलची गाडी, बायकांच्या छातीची तपासणी करणारी. आत मशीन, आत सगळ्या बायकाच, आणि सगळं फुकट. मावशीनं दोन दिवस गाडीकडे नुसतं खिडकीतून बघितलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बंद ठेवला, दुकानाचा एप्रन पिशवीत कोंबला आणि इकडेतिकडे बघत गाडीच्या पायऱ्या चढली. टेबलामागच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?"

खरं नाव सांगायचं नाही एवढं मावशीनं ठरवलं होतं. खोटं कुठलं सांगायचं हे मात्र ठरवलंच नव्हतं. खोटं बोलायची सवय नसली की असा घोटाळा होतो. मागे बायकांची रांग, पुढे ती पोरगी पेन उचलून बसलेली, आणि मावशीच्या तोंडून आडनावासकट एक नाव खणखणीत बाहेर पडलं. ते होतं तिच्या विहीणबाईंचं, म्हणजे जावयाच्या आईचं.

का, म्हणून काय विचारता! दिवसभर डोक्यात तेच नाव घोळत असायचं ना. विहीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. नाकावर माशी बसू देत नसत. लेकीच्या घरी गेलं की मावशीला त्यांच्यापुढे ताठ बसावं लागायचं, आणि मावशीच्या नोकरीला त्या "तुमची ती पडद्याजवळची नोकरी" म्हणायच्या. घरी येऊन मावशी भांडी घासता घासता त्यांना मनातल्या मनात उत्तरं द्यायची. मनातल्या मनात मावशी फार फाडफाड बोलायची.

नाव गेलं ते गेलं. मुलीनं वय विचारलं, तेवढं मावशीनं खरं सांगितलं. फोन नंबर विचारला, तर दुकानाचा कधीचा बंद पडलेला नंबर ठोकून दिला. आतलं मशीन गार होतं, चांगलंच दाबत होतं, पण तिथली बाई हसतमुख होती आणि चहा निवायच्या आत सगळं आटोपलंसुद्धा. मावशी पायऱ्या उतरली ती हवेतच. एवढंच होतं? याला आपण इतकी घाबरत होतो? मग दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की निकाल आपल्याला कळणार कसा. तो विचार तिनं झटकून टाकला. काही असतं तर तिथंच बोलले असते की, असं स्वतःला समजावलं आणि कामाला लागली.

आठवडाभरानं भर गर्दीच्या वेळी लेक दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"आई, जरा बोलायचंय."

"इथंच बोल. माझा पाय निघायचा नाही आत्ता."

लेकीनं तिला एका रिकाम्या ट्रायल रूममध्ये ओढलं आणि पडदा लावला. "सासूबाईंच्या छातीत गाठ निघालीये," ती कुजबुजली. "कुणाला न सांगता त्या गाडीत जाऊन तपासून आल्या, बघ. फोटो बघणारा डॉक्टर यांच्याच वर्गातला. दिलेला नंबर लागेना, आणि आपल्या घराचं आडनाव शहरात दुसऱ्या कुणाचं नाही, म्हणून त्यानं थेट यांनाच फोन केला."

मावशीच्या हातात हँगरांचा गठ्ठा होता, तो तिनं पोटाशी घट्ट धरला. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, दिसतंय ते चांगलं नाही. पुन्हा फोटो काढायचा, बारीकसा तुकडा काढून तपासायचा. वेळेत आलं तर पुष्कळ करता येतं म्हणाला, पण आता उशीर नको."

असा मावशीला तिचा निकाल कळला. चहूबाजूंनी आरसे, समोर पोटची पोर, आणि पोर आपली सासूची काळजी करत होती. मावशी आतल्या छोट्या स्टुलावर टेकली.

"तू नको घाबरू गं," लेक म्हणाली. "घाबरायचं ते आम्ही आहोत. खरा वैताग वेगळाच आहे. सासूबाई कबूलच होत नाहीत! म्हणतात, मी गेलेच नव्हते. लाजतायत. आणि वर वय नऊ वर्षांनी कमी सांगून आल्यात, आता बोल! तू ये ना घरी. बायकांना कसं बोलतं करायचं, ते तुलाच जमतं."

आता सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. अगं, ती मी, एवढे तीन शब्द. मावशीनं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या पडद्यातून हाक आली, "मावशी, चेन!" आणि मावशी उठून चेन लावायला गेली. देवाशपथ, तशीच उठून गेली.

संध्याकाळी लेकीच्या घरी पाऊल टाकलं तर विहीणबाईंचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"मी! गेले! नाही! किती वेळा सांगू?"

"बरं, नाही गेलीस," जावई म्हणाला. अगदी मऊ आवाजात, दवाखान्यात चिडक्या पेशंटशी बोलतो तसं. "पण आई, यात लाजण्यासारखं काही नसतं गं. शरीराचाच भाग आहे. हाताला गाठ आली असती तर लाजली असतीस का?"

"हाताच्या गाठीसाठीही मी गेले नसते, आणि गेले असते तर सांगितलं असतं!"

"बरं, बरं."

ते "बरं" ऐकून विहीणबाई आणखीच भडकल्या. जन्मभर त्यांनी शब्द टाकला की सगळी शाळा गप्प व्हायची. आता त्या जितकं नाही म्हणत होत्या, तितकी सगळ्यांची खात्री पटत होती की बाई लाजतायत. लेकीनं पाणी आणून दिलं, जावयानं खांद्यावर हात ठेवला. दोघंही इतक्या समजूतदारपणे वागत होती की पाहणाऱ्याला गुदमरावं.

"विहीणबाई, तुम्ही तरी सांगा यांना," त्या मावशीकडे वळल्या. "मी वय चोरणारी बाई आहे का हो?"

"नाही हो," मावशी म्हणाली.

"बघा!"

"मावशी," जावयानं तिला बाजूला घेतलं, "उद्या तुम्ही तिच्याबरोबर आत जाल ना? मी पडलो पुरुषमाणूस. तिला अवघड होईल." त्याचे डोळे लाल झाले होते. दोन दिवस झोपला नव्हता, दिसतच होतं.

मावशी म्हणाली, "जाईन."

आता दुहेरी कोंडी झाली होती. आधी नुसती गाठ लपवायची होती. आता दुसऱ्याच्या घरावर आपण काय आणून टाकलं तेही लपवायचं होतं. आणि गाठ सांगितली की दुसरंही आपोआप सांगावं लागणार. विहिणीच्या नावावर रोग घालून आलेली बाई! लेकीला त्या घरात राहायचंय. ती तोंड कुठं दाखवणार? घरी परतताना मावशी स्वतःला इतक्या शिव्या घालत होती की तिच्याच गल्लीचं वळण चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हॉस्पिटलात. हिरवट रंगाचा लांब पॅसेज, भिंतीला खिळवलेल्या खुर्च्या, औषधांचा वास. जावयाचा दोस्त, तो फोटो बघणारा डॉक्टर, बाहेर आला. विहीणबाईंचा संताप ऐकून तो जरा घोटाळला.

"काकू, तुम्ही इतक्या ठाम म्हणताय, तर आमच्याकडूनही गडबड झाली असेल," तो म्हणाला. "गाडीत गर्दी फार असते. आज पुन्हा फोटो काढू. साफ आला, तर जुना बाजूला टाकू आणि विषय संपला."

विषय संपला. मावशीला, खरं तेच सांगायचं, बरं वाटलं. विहीणबाई आत जातील, फोटो साफ येईल, सगळे हसत घरी जातील. कुणाला काही कळणार नाही. जुना फोटो केराच्या टोपलीत. आणि तिची गाठ तिच्यापाशी, कुणालाही माहीत नसलेली, वाढत. परत एकदा त्या पायऱ्या चढायची हिंमत आपल्याला होणार नाही, हे मावशी पक्कं जाणून होती. एकदा चढली त्याचं काय झालं ते बघत होतीच ना. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त मग मरायचं होतं.

कपडे बदलायची खोली जेमतेम दोन माणसांची. एक खुंटी, एक बाक, त्यावर घडी केलेला निळा झगा. विहीणबाईंनी आत येऊन कडी लावली आणि बटणांना हात घातला. बटण निघेना. मावशी सवयीनं पुढे झाली आणि तिनं बटणं काढायला घेतली. विहीणबाईंनी काढू दिली. हेच मुळी नवल होतं.

"एक विचारू?" विहीणबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मावशीनं वर बघितलं. त्या रडत होत्या. "मी गेले असेन का हो? गेले आणि विसरले, असं झालं असेल का? सगळे इतकं सांगतायत. माझ्या आईला शेवटी काही आठवत नसे. आरशातल्या बाईशी भांडायची. माझं तसं सुरू झालंय का?"

मावशीचे हात बटणावरच थांबले.

ही बाई तिला आवडत नव्हती. उगाच खोटं कशाला? पण म्हणून तिला वेडी ठरू द्यायचं? मावशीनं बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मग तिनं स्वतःचं गळ्याचं बटण काढलं. मग दुसरं, मग तिसरं. विहीणबाई बघत राहिल्या. मावशीनं त्यांचा हात धरला, आपल्या छातीला खालून लावला आणि दाबला.

विहीणबाई हात ओढून घ्यायला लागल्या, "अहो, हे काय..." आणि त्यांची बोटं थबकली. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग एकदा अजून, हळू.

"मी गेले होते," मावशी म्हणाली. आता आवाज आला. "नाव तुमचं सांगितलं."

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला, मग लालबुंद झाला.

"माझं? तुम्हाला जगात दुसरं नाव सापडलं नाही?"

"तोंडातून निघून गेलं."

"माझा मुलगा दोन रात्री गच्चीत येरझाऱ्या घालतोय! मी स्वतःला वेडी समजायला लागले! आणि तुम्ही काल माझ्यासमोर बसून चहा प्यायलात!"

"प्यायले," मावशी म्हणाली. "माझं चुकलं. लाज वाटली हो मला. तुमच्या मुलापुढे कपडे काढायची लाज वाटली."

विहीणबाईंनी हात उचलला. मावशीला वाटलं, आता देतात एक. दिली असती तरी तिची तक्रार नव्हती. पण त्या हातानं मावशीच्या उघड्या कपड्याच्या दोन्ही बाजू गच्च एकत्र धरल्या. "मूर्ख बाई," त्या म्हणाल्या. "दोन महिने? शाळेतल्या पोरींनासुद्धा मी इतकं मूर्ख होऊ दिलं नसतं. थांबा, मी सांगते त्याला."

"नाही. मीच सांगणार," मावशी म्हणाली आणि तिनं कडी काढली.

बाहेर जावई गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. लेक शेजारी उभी राहून मोबाइलवर कुणाला तरी काहीबाही कळवत होती. पॅसेजमध्ये पाचपन्नास माणसं. दोन माणसांनी मावशीच्या चुकीच्या लावलेल्या बटणांकडे बघितलं. मावशी जावयापुढे जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, विहीणबाई खरं बोलत होत्या. त्यांना काही झालेलं नाही. गाठ मला आहे. माझ्या छातीत. त्यांचं नाव सांगून मी गेले होते."

जावयानं मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. डोळे मिटून त्यानं भला मोठा श्वास सोडला. "आईला नाही? आईला काहीच नाही?" तो जवळजवळ हसलाच. आणि त्याच वेळी लेकीच्या हातातला मोबाइल फरशीवर आपटला.

मावशीनं ते हसू बघितलं. लागलं तिला, का लागू नये? लाखात एक जावई, पण आधी आपल्या आईचा मुलगा. मग तिनं लेकीकडे बघितलं. काल ट्रायल रूममध्ये कोरड्या डोळ्यांनी सगळं सांगणारी पोर आता भिंतीला धरून उभी होती. कुणावर रागवायचं?

"तोंड मीट आणि सासूकडे बघ!" विहीणबाई मागून ओरडल्या, आणि मग जावयाला कळलं. त्याचे कान तांबडेलाल झाले. बघायचं तर कुठं बघायचं, हे त्याला समजेना. भिंतीवर बघितलं, मावशीच्या चपलांवर बघितलं. "मावशी, मी... म्हणजे आपण बाई डॉक्टरांना... तुम्हाला अवघड वाटत असेल तर..."

आता बोला! हाताची गाठ आणि छातीची गाठ एकच म्हणणारा हाच तो डॉक्टर. मावशी ज्या नजरेला दोन महिने भीत होती, ती नजर आता तिच्या चपलांवरून उठायला तयार नव्हती.

"बाई डॉक्टर तपासतील ते तपासतील," मावशी म्हणाली. "आधी तुम्ही ऐका, आणि माझ्याकडे बघून ऐका. डाव्या छातीत, खाली, काखेच्या बाजूला. दुखत नाही. दोन महिने झाले. आधी वाटाण्याएवढी होती, आता मोठी लागते हाताला."

शेजारच्या खुर्चीतला माणूस उगाच खोकला आणि दुसरीकडे बघायला लागला. मावशीनं आवाज खाली आणला नाही.

"आणखी काय काय सांगायचं असतं? विचारा तुम्ही. सगळं सांगते. मला जगायचंय."

जावई उभा राहिला. डोळे पुसले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारायला सुरुवात केली. मावशी एकेकाचं उत्तर देत गेली. लेक येऊन तिच्या दंडाला बिलगली होती, लहानपणी बिलगायची तशी, आणि विहीणबाई समोर येऊन तोंडातल्या तोंडात पुटपुटत, रागारागानं, मावशीची चुकलेली बटणं सोडवून नीट लावत होत्या.